ग्रॅनाइटमधलं अभ्रक कसं वाचायचं: कोल्हापुरातल्या कटपीसवरून रूपांतरणाचा माग

कोल्हापूरच्या आसपास ग्रॅनाइट शोधायला डोंगरावर जाऊ नका. पन्हाळा घ्या नाहीतर जोतिबा, माथ्यावर जांभा आणि त्याखाली थरावर थर काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. अंबाबाईच्या देवळापासून जुन्या वाड्यांच्या जोत्यांपर्यंत सगळीकडं तोच. नुसत्या डोळ्यांना दिसेल असं अभ्रक त्यात नसतं. आपल्याकडं ग्रॅनाइट येतो तो ट्रकमधून, ओट्यासाठी, जिन्यासाठी, उंबऱ्यासाठी. शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत महामार्गाच्या कडेला लाद्यांची दुकानं आहेत. त्यांच्या मागं सिंकचे आणि कडांचे कापून उरलेले तुकडे, म्हणजे कटपीस, पडलेले असतात. दुकानदाराला विचारून त्यातले पाच-सहा वेगवेगळे तुकडे घरी आणा. कर्नाटक, आंध्र, तेलंगण, तामिळनाडू, राजस्थान अशा पाच राज्यांचे खडक एका पिशवीत येतात. भूशास्त्र शिकणाऱ्याला फुकटात एवढा संग्रह दुसरीकडं कुठं मिळायचा?

या तुकड्यांतल्या अभ्रकावरून खडकाचं रूपांतरण, म्हणजे जमिनीखाली खोलवर तयार खडकातली खनिजं आणि रचना बदलणं, कसं ओळखायचं ते इथं क्रमानं सांगतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. रूपांतरण म्हणजे उष्णता आणि दाब, हे आपण शाळेपासून पाठ केलेलं असतं. ग्रॅनाइटमधल्या अभ्रकाच्या बाबतीत हे उत्तर अर्धंच आहे. पाणी आत शिरलं का आणि खडक घसटला गेला का, हे दोन प्रश्न तापमानाच्या आधी विचारावे लागतात. आणि उत्तर एकट्या अभ्रकात कधीच सापडत नाही. ते त्याच्या शेजारी बसलेल्या खनिजात असतं.

काय काय लागेल

दहापट मोठं दाखवणारं भिंग, शिवणाची जाड सुई, पोलादी पातं, छोटा चिमटा, पाण्याची बाटली, मोबाइलचा टॉर्च आणि फाटलेली कड बघण्यासाठी ऊन. हातोडी वापरणार असाल तर डोळ्यांना चष्मा हवाच. पॉलिश केलेली बाजू रचना बघायला चांगली, पण खनिज तपासायला ताजी फोडलेली बाजू लागते. पॉलिशखाली सगळंच चकाकतं आणि हिरवट झाक तर हमखास लपते. त्यामुळं प्रत्येक तुकड्याची एक कड फोडून ठेवा.

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि दगड भिंगाजवळ आणायचा. भिंग दगडावर धरून लांबून बघणारे बरेच जण असतात, त्यांना निम्मंच दिसतं.

पहिली पायरी: हा ग्रॅनाइट आहे का, ते बघा

बाजारात पॉलिश घेणाऱ्या कुठल्याही कठीण दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. त्यामुळं चाळणी लावावी लागते. एकसारखा काळाकुट्ट ‘ग्रॅनाइट’ बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे बेसाल्टच्याच जातीचा पण जाड दाण्यांचा खडक असतो, तो बाजूला ठेवा. ‘ब्लॅक गॅलेक्सी’ मात्र एकदा भिंगातून बघाच. आंध्रातल्या चिमकुर्तीचा हा दगड. त्यातल्या सोनेरी ठिपक्यांना सर्रास अभ्रक म्हटलं जातं, प्रत्यक्षात ते ब्राँझाइट आहे, पायरॉक्सीन या लोह-मॅग्नेशियमच्या कठीण खनिजगटातलं. सुईनं त्याचा पापुद्रा निघत नाही.

खऱ्या ग्रॅनाइटमध्ये तीन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत. काचेसारखे राखाडी, ठरावीक आकार नसलेले दाणे म्हणजे क्वार्ट्झ, आपल्या भाषेत गारगोटी. गुलाबी, पांढरे किंवा राखाडी, सपाट चकाकत्या बाजूंचे दाणे म्हणजे फेल्डस्पार. आणि काळे-पांढरे चकचकीत पापुद्रे म्हणजे अभ्रक. साडीमुळं आपल्या ओळखीचं असलेलं इलकल दगडासाठीही प्रसिद्ध आहे. तिकडचा लालसर-गुलाबी ग्रॅनाइट कोल्हापुरात भरपूर येतो आणि सुरुवातीला हात बसवायला चांगला आहे.

काळा दाणा दिसला की तो अभ्रकच असेल असं नाही. हॉर्नब्लेंडही काळंच. फरक ओळखायला सुई पुरते. काळं अभ्रक, म्हणजे बायोटाइट, कठीणतेच्या मापावर अडीच ते तीन. सुई रुतते आणि कडेनं पातळ पान सुटतं. हॉर्नब्लेंड पाच-सहाचं, सुई घसरते, दाणा लांबट असतो आणि पानं सुटत नाहीत.

दुसरी पायरी: न बदललेलं अभ्रक डोळ्यांत बसवा

बदल ओळखायचा तर मूळ काय होतं ते माहीत हवं. अभ्रकाची रचना वहीसारखी असते. सिलिका आणि ॲल्युमिनियमच्या जाळीची पानं एकावर एक रचलेली, आणि दोन पानांच्या मध्ये पोटॅशियमचे अणू. ही पोटॅशियमची बांधणी कमजोर असते, म्हणून पानं सुटतात. काळ्या बायोटाइटच्या पानांत लोह आणि मॅग्नेशियम, पांढऱ्या मस्कोव्हाइटच्या पानांत मुख्यतः ॲल्युमिनियम. शिवाय दोन्हींच्या जाळीत वजनाच्या सुमारे चार टक्के पाणी हायड्रॉक्सिलच्या रूपात अडकलेलं असतं. हे चार टक्के लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत लागतील.

शिलारस थिजताना तयार झालेलं अभ्रक आडवं, उभं, तिरकं, जागा मिळेल तसं वाढतं. तुकडा उन्हात हळूहळू फिरवा. एका क्षणी दोन-चार पानं चमकतात, थोडं फिरवलं की दुसरी. कुठल्याही एका कोनात सगळी एकदम चमकत नसतील तर अभ्रकाची दिशा विस्कळीत आहे, म्हणजे खडक फारसा घसटला गेलेला नाही. पानांच्या कडा सरळ असतात, नशीब असेल तर षटकोनी कडही दिसते. चिमट्यानं एक पान सोलून वाकवा आणि सोडा, ते टणकन परत सरळ होतं. हा लवचिकपणा अभ्रकाची खूण आहे.

पॉलिश केलेल्या बाजूवर टॉर्च अगदी आडवा धरा. काळ्या ठिपक्यांच्या जागी बारीक खड्डे दिसतील. फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ पॉलिश घेतात, मऊ बायोटाइटची पानं मात्र घासताना उचकटतात. ओटा नवा असूनही नखाला कुठंतरी खरबरीत लागतो तो यामुळं. मिस्त्रीला बोल लावण्याआधी ठिपक्याचा रंग बघावा.

तिसरी पायरी: हिरवं कुठं झालंय?

या पायरीवर वेळ काढा, कारण बहुतेकांची गल्लत इथंच होते.

मातीचा खडक, म्हणजे शेल, तापायला लागला की पायरी-पायरीनं बदलतो. आधी क्लोराइट (अभ्रकासारखंच पापुद्र्यांचं, पण हिरवं खनिज), मग बायोटाइट, मग गार्नेट. ग्रॅनाइटचं गणित उलटं आहे. ग्रॅनाइट सुमारे सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास थिजून तयार होतो. त्यातलं अभ्रक त्या उष्णतेतूनच जन्माला आलेलं असतं. असा खडक नंतर कधीतरी साडेतीनशे-चारशे अंशांच्या थरात गाडला गेला तर त्याच्या दृष्टीनं ते थंडच. कोरडा राहिला तर कोट्यवधी वर्षं तिथं पडून राहील आणि अभ्रकाचं पानही हलणार नाही. बदल व्हायचा तर बाहेरून पाणी आलं पाहिजे, कारण कमी तापमानाला टिकणारी खनिजं अधिक पाणी धरणारी असतात. आल्प्समध्ये असे ग्रॅनाइट आहेत ज्यांचं पोट जसंच्या तसं आहे आणि हातभर रुंदीच्या भेगेच्या पट्ट्यात मात्र सगळी खनिजं बदललेली. तापमान दोन्हीकडं सारखंच होतं, पाणी फक्त भेगेतून गेलं. पाणी कुठं मुरलंय हे शोधणं हीच या पायरीची रीत.

पाणी शिरलं की पहिला बळी बायोटाइट. त्याचं क्लोराइट होतं. भिंगातून बघताना काळ्या पानाची कड आधी हिरवट दिसते. मग पानांच्या मधून हिरवे पट्टे आत सरकतात, एक पान काळं, एक हिरवं, असे थर तयार होतात. शेवटी सगळा दाणा मळकट गडद हिरवा होतो. आकार मात्र जुन्या अभ्रकाचाच राहतो. खात्री करायची तर पान सोलून वाकवा. क्लोराइट वाकतं पण परत सरळ होत नाही. काळपट पान वाकलं आणि वाकलेलंच राहिलं, तर ते आता बायोटाइट नाही.

आता शेजार बघा. क्लोराइटमध्ये पोटॅशियमला जागा नसते, त्यामुळं ते बाहेर पडतं. बायोटाइटमधलं टायटॅनियमही तिथं मावत नाही. त्याचे रुटाइलच्या सुया किंवा टायटॅनाइटचे बारीक दाणे होऊन पानांच्या मधेच अडकतात. ते सूक्ष्मदर्शकातच दिसतात. पोटॅशियम मात्र पाण्याबरोबर शेजारच्या प्लॅजिओक्लेज, म्हणजे सोडियम-कॅल्शियमच्या फेल्डस्पारमध्ये शिरतं आणि तिथं सेरिसाइट, म्हणजे अतिबारीक पांढरं अभ्रक, तयार करतं. म्हणजे एका जागी अभ्रक मोडतं आणि दोन मिलिमीटरवर नवं जन्मतं. फेल्डस्पारमधलं कॅल्शियम एपिडोटमध्ये जातं, ते पिस्त्याच्या रंगाचे ठिपके होऊन उठतं.

सेरिसाइट ओळखायला ताज्या तुटलेल्या बाजूवर पांढरे फेल्डस्पार बघा. निरोगी फेल्डस्पार उन्हात आरशासारखा सपाट चमकतो आणि सुईनं ओरखडत नाही. सेरिसाइट झालेला दाणा निस्तेज, किंचित हिरवट, तेलकट दिसतो आणि सुई त्यावर पांढरी रेघ ओढते. बऱ्याचदा दाण्याचा मधला भाग निस्तेज आणि कड निरोगी असते. मध्यभागी कॅल्शियम जास्त असतं, आणि तो भाग पाण्याला आधी बळी पडतो.

हिरवं बायोटाइट, निस्तेज फेल्डस्पार आणि पिस्ता रंगाचे ठिपके, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर साधारण तीनशे ते चारशे अंशांच्या आसपास पाणी फिरून गेलं असं बिनधास्त म्हणा. एकच लक्षण असेल तर म्हणू नका. आणखी एक सावधगिरी: हे पाणी रूपांतरणाचंच असेल असं नाही. ग्रॅनाइट थंड होताना त्याचं स्वतःचं गरम पाणीही हेच उद्योग करतं. ते काम बहुतेक वेळा भेगांच्या आणि शिरांच्या कडेनं मर्यादित राहतं. दहा सेंटिमीटरच्या कटपीसवरून हा निवाडा होत नाही, त्याला खाणीची भिंत बघावी लागते.

चौथी पायरी: अभ्रक वाकलंय का, रांगेत बसलंय का?

तुकडा परत उन्हात फिरवा. एका ठरावीक कोनात अभ्रकाची जवळजवळ सगळी पानं एकदम लखलखली, तर ती रांगेत बसलेली आहेत. अशा खडकाला नाइस म्हणतात, दुकानात त्याचं नाव काहीही असो.

भूकवचाच्या ज्या पट्ट्यात दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात तिथं हा बदल होतो. अभ्रक मऊ, त्याची पानं पत्त्यांच्या जोडासारखी सरकतात, त्यामुळं सगळ्यात आधी तेच शरण जातं. पहिल्यांदा पानं लहरतात, मग मधेच मोडून कोन करतात. पुढं दोन्ही टोकं ओढली जाऊन निमुळती होतात आणि मधला भाग जाड राहतो, याला भूशास्त्रात अभ्रकाचे मासे म्हणतात. त्याहून जास्त घसटलं तर जुनं पान संपतं आणि त्याच्या जागी बारीक, नवी, ताठ पानं पट्ट्याच्या दिशेनं उगवतात.

शेजाऱ्यांकडं बघून तापमानाचा अंदाज येतो. क्वार्ट्झ साधारण तीनशे अंशांपासून मऊ पडून ताणला जातो. फेल्डस्पार साडेचारशे-पाचशेपर्यंत ताठ राहतो, आधी नुसता तडकतो. म्हणून क्वार्ट्झच्या फिती झाल्यात, फेल्डस्पार डोळ्यासारखा मधे तसाच राहिलाय आणि अभ्रक त्याला वळसा घालून गेलंय, असं चित्र दिसलं तर तापमान या दोन आकड्यांच्या मधलं. फेल्डस्पारही लांबोडका ताणला गेला असेल किंवा त्याचे बारीक दाणे झाले असतील तर त्याहून जास्त.

माशाच्या आकारावरून सरकण्याची दिशाही कळते. उभ्या छेदात माशाचं वरचं टोक ज्या बाजूला कललेलं असतं, वरचा भाग त्या बाजूला सरकलेला असतो. कटपीसवर मात्र याचा उपयोग शून्य, कारण खाणीत त्याची वरची बाजू कुठली होती कुणाला माहीत? जागेवरचा नमुना घेताना आधी उत्तर दिशा आणि वरची बाजू दगडावर मार्करनं लिहायची आणि मगच हातोडी मारायची ती याचसाठी.

पाण्याचा मुद्दा इथं पुन्हा येतो. घसटणाऱ्या पट्ट्यात पाणी शिरलं की पोटॅश, म्हणजे पोटॅशियमच्या फेल्डस्पारचं पांढरं अभ्रक आणि क्वार्ट्झ होतं. फेल्डस्पार कठीण, अभ्रक मऊ, म्हणजे खडक कमकुवत झाला. कमकुवत झाला म्हणून पुढची सगळी घसट त्याच पट्ट्यात झाली, त्यानं आणखी पाणी ओढलं, आणखी अभ्रक झालं. हे चक्र चालत राहिलं तर भक्कम ग्रॅनाइटच्या मधोमध अभ्रकाचा चुरचुरीत शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांनी सुटणारा खडक, तयार होतो. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तो मूळचा ग्रॅनाइट होता यावर विश्वास बसत नाही.

ओटा घेणाऱ्यांसाठीही यात एक सूचना आहे. दाट अभ्रकाचे पट्टे असलेली लादी सुंदर दिसते, पण ती त्या पट्ट्यांवरच दुभंगते. सिंकचा चौकोन कापताना त्याच्या पुढच्या अरुंद पट्टीत अभ्रकाचे थर आरपार आडवे जात असतील तर ती पट्टी उचलतानाच तुटते. अनुभवी फिटर लादी पाण्यानं ओली करून पट्टे कुठं जातात ते बघतो आणि मगच मार्किंग करतो.

पाचवी पायरी: अभ्रक कुठं संपलंय ते शोधा

आतापर्यंत अभ्रक मोडत होतं आणि नवं होत होतं. तापमान खूप वाढलं की अभ्रक टिकतच नाही, आणि त्याचं नसणं हीच खूण होते.

आधी पांढरं अभ्रक जातं. दहा-पंधरा किलोमीटर खोलीच्या दाबाला साधारण साडेसहाशे ते सातशे अंशांच्या दरम्यान मस्कोव्हाइट आणि क्वार्ट्झ एकत्र राहू शकत नाहीत. त्यांच्यातून पोटॅश फेल्डस्पार आणि सिलिमनाइट तयार होतं आणि अभ्रकात अडकलेलं पाणी सुटतं. सिलिमनाइट भिंगातून पांढऱ्या, रेशमी, केसासारख्या जुड्यांसारखं दिसतं. दाब जास्त असेल तर सुटलेलं पाणी तिथंच खडक वितळवायला लागतं. ‘पॅराडिसो’ किंवा ‘कोलंबो जुपराना’ या नावानं मिळणाऱ्या वळणावळणाच्या लाद्या बघा. फिकट भाग म्हणजे वितळून पुन्हा थिजलेलं क्वार्ट्झ-फेल्डस्पार. त्याच्या कडेनं जी गडद किनार असते ती न वितळता मागं राहिलेल्या बायोटाइटची. त्या किनारीवर भिंग ठेवा. अभ्रक तिथं इतकं दाट असतं की इतर दाणा शोधावा लागतो.

काळं अभ्रक जास्त चिवट. ते साधारण साडेसातशे ते साडेआठशे अंशांच्या पट्ट्यात टप्प्याटप्प्यानं मोडतं आणि त्याच्या जागी गार्नेट किंवा पायरॉक्सीन येतं. तामिळनाडूतून येणारा ‘काश्मीर व्हाइट’ हा याचा सगळ्यात सोपा नमुना. त्यात लालसर-तपकिरी गार्नेटचे ठिपके असतात. ठिपक्याभोवती बघा: बऱ्याच ठिकाणी पांढरं कडं दिसतं आणि त्या कड्यात एकही काळं पान नसतं. गार्नेटनं वाढताना आसपासच्या बायोटाइटमधलं लोह-मॅग्नेशियम ओढून घेतलं, म्हणून भोवतालचा भाग पांढरा पडला. कड्याच्या बाहेर अभ्रक पुन्हा सुरू होतं. क्रिया कुठवर पोचली आणि कुठं थांबली याची सीमारेषाच ती.

कर्नाटकात कनकपुरा तालुक्यातल्या कब्बळदुर्गाची खाण या विषयात जगप्रसिद्ध आहे. तिथं राखाडी नाइसमध्ये अचानक गडद, तेलकट हिरवट-तपकिरी डाग आणि शिरा दिसतात. तो चार्नोकाइट. नाइसमधलं बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड त्या डागांत बरंचसं संपलेलं आणि हायपरस्थीन नावाचं पायरॉक्सीन आलेलं. नाइस आणि डाग यांत वीतभराचंही अंतर नाही, तापमान दोन्हीकडं एकच, साडेसातशेच्या आसपास. मग फरक कशानं? कार्बन डायऑक्साइडनं भरलेले द्रव भेगांतून वर आले, त्या जागी पाण्याचा वाटा घटला आणि पाण्यावाचून अभ्रक टिकलं नाही, असा अर्थ अनेक अभ्यासकांनी लावला. तिसऱ्या पायरीत पाणी आल्यानं अभ्रक मोडलं होतं, इथं पाणी गेल्यानं.

दाबाबद्दल थोडंच सांगतो, कारण हातात धरलेल्या नमुन्यात तो दिसत नाही. दाब वाढला की पांढऱ्या अभ्रकात सिलिकाचं प्रमाण वाढतं, अशा अभ्रकाला फेंजाइट म्हणतात. इटलीच्या आल्प्समधल्या डोरा माइरा भागात ग्रॅनाइट इतका खोल गेला की बायोटाइटच्या कडेनं गार्नेट आणि फेंजाइटची कडी उगवली. त्याच भागातल्या खडकांत १९८४ साली कोएसाइट, म्हणजे प्रचंड दाबाखालचं सिलिकाचं रूप, सापडल्याचं फ्रेंच भूशास्त्रज्ञ ख्रिस्तियाँ शोपाँ यांनी जाहीर केलं. आपल्या बाजारात असला दगड येत नाही.

सोनेरी अभ्रक: हे रूपांतरण नव्हे

ऊन-पावसात राहिलेल्या ग्रॅनाइटमध्ये अभ्रक सोनेरी-तांबूस दिसतं. वाळूत चमकणाऱ्या या पानांना सोनं समजणारे आजही भेटतात. हे रूपांतरण नसून झीज आहे. पृष्ठभागालगत बायोटाइटमधलं पोटॅशियम पाण्यानं धुपून जातं, लोह गंजतं आणि व्हर्मिक्युलाइट तयार होतं. पानं फुगतात, शेजारचे दाणे ढिले करतात आणि ग्रॅनाइटचा मुरूम होतो.

झीज आणि क्लोराइट यांत गोंधळ नको. झिजलेल्या तुकड्यात फेल्डस्पार खडूसारखा पिठूळ होतो, सेरिसाइट झालेला तेलकट आणि घट्ट राहतो. अभ्रकाभोवती गंजाचं तांबूस वलय असेल तर तीही झीजच. शंका राहिली तर सोनेरी पान चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर न्या, डोळ्यांवर चष्मा लावून. व्हर्मिक्युलाइट झालेलं पान फुलून कितीतरी पट जाड होतं, ताजं बायोटाइट तसं फुलत नाही.

पांढऱ्या ओट्यावर काही महिन्यांनी तांबूस डाग उठतात तेही बऱ्याचदा या गंजाचेच. लोखंडी कढईवर आळ घेण्याआधी डागाच्या मध्यभागी काळं पान आहे का ते बघा.

क्रम लावा

एका तुकड्यात दोन-तीन पायऱ्यांच्या खुणा सापडणं हाच नियम. मग आधी काय, नंतर काय हे ठरवावं लागतं. जे दुसऱ्याला कापून किंवा गिळून जातं ते नंतरचं. नाइसच्या रांगेत बसलेल्या बायोटाइटची कड हिरवी असेल तर रांग आधी, पाणी नंतर. क्लोराइटची पानंच माशासारखी ओढली गेली असतील तर पाणी आधी, घसट नंतर. गार्नेटच्या भेगांत हिरवं क्लोराइट भरलेलं दिसलं तर खडक तापून पुन्हा थंड होताना त्यात पाणी शिरलं. वहीत प्रत्येक तुकड्यासाठी हा क्रम दोन ओळींत लिहा. ‘रूपांतरित आहे’ एवढंच लिहिलं तर काहीच लिहिलं नाही.

अभ्रकावरून काढलेलं वयही याच क्रमात वाचावं लागतं. अभ्रकातलं किरणोत्सारी पोटॅशियम सव्वाशे कोटी वर्षांत निम्मं होतं आणि त्यातला काही भाग आरगॉन वायूत बदलतो. पण खडक गरम असेपर्यंत हा वायू निसटत राहतो. बायोटाइट तो धरून ठेवायला लागतं तीनशे अंशांच्या आसपास, मस्कोव्हाइट चारशेच्या. म्हणजे मिळालेला आकडा बहुतेक वेळा खडकाच्या जन्माचा नसून तो थंड झाल्याचा असतो. बातमीत ‘अमुक कोटी वर्षांचा खडक’ असं वाचलं की कुठल्या खनिजावरून, हे विचारा.

कटपीस सोडून खऱ्या खडकाकडं

आपल्या पायाखालीही हा खडक आहे, फक्त खोल. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी गोठणे इथं तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं, त्यात सुमारे १,२५० मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट-नाइस लागला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोदलं तेव्हा बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला. बेसाल्टची ही चादर दक्षिणेकडं आणि दक्षिण कोकणाच्या बाजूला विरत जाते.

गडहिंग्लज-आजरा पट्ट्यात बेसाल्टखालून कलादगी नावाच्या जुन्या खडकगटातले वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट (गारगोटीचे घट्ट झालेले वालुकाश्म) डोकावतात. आंबोली उतरून सावंतवाडी-कुडाळकडं गेलात की जुने नाइस आणि अभ्रकाचे शिस्ट उघडे पडतात. कुडाळ तालुक्यातलं कडावल तर अभ्रकासाठीच ओळखलं जातं. रस्त्याच्या ताज्या कापावर थांबा. जुन्या कापावर बहुतेक झीजच दिसते, त्यामुळं आधी गॅसच्या ज्योतीची परीक्षा आठवा. पावसाळ्यात जाऊ नका, कडा घसरतात आणि शेवाळामुळं काही दिसतही नाही. खाजगी जागेत विचारल्याशिवाय हातोडी काढू नका.

बेंगळूरुला कामानिमित्त जाणं झालं तर लालबागेतली टेकडी चुकवू नका. सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा द्वीपकल्पीय नाइस तिथं उघडा आहे आणि अभ्रकाच्या पट्ट्यांची वळणं उन्हात छान दिसतात. ते राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे, तिथं फक्त भिंग काढायचं.

भिंगाच्या पुढं: पातळ छेद

हातातल्या भिंगानं रंग, रांग आणि शेजार कळतो. तापमानाचा आकडा हवा असेल तर दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली घालावा लागतो. तिथं बायोटाइटचा रंग बोलका असतो: कमी तापमानाचं हिरवट, त्याहून वरचं तपकिरी, आणि टायटॅनियम जास्त मावलेलं उच्च तापमानाचं लालसर तपकिरी. लोहाच्या अवस्थेमुळंही रंग फिरतो, म्हणून नुसत्या रंगावर आकडा लिहू नका. तो हवा असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या दाण्याचं रसायन मोजणाऱ्या यंत्रावर टायटॅनियम मोजून घ्यावं लागतं. पानांत काळपट गोल डाग दिसले तर घाबरू नका. ती अभ्रकात अडकलेल्या झिर्कॉन या खनिजाच्या कणांतून निघालेल्या किरणोत्सारानं पडलेली वलयं आहेत, त्यांचा रूपांतरणाशी संबंध नाही. पण बायोटाइटचं क्लोराइट झाल्यावरही ती वलयं टिकतात, त्यामुळं हिरवा दाणा मुळात कोण होता याचा पुरावा मिळतो.

छेद करायला देताना कुठल्या बाजूनं कापायचं ते दगडावर रेघ मारून सांगा. अभ्रकाच्या पट्ट्यांना काटकोनात आणि पट्ट्यावरचे दाणे ज्या दिशेला ताणले गेलेत त्या दिशेला समांतर, असा छेद हवा. काहीच सांगितलं नाही तर कापणारा सोयीनं पट्ट्याला समांतर कापतो. मग अभ्रकाची नुसती सपाट पानं दिसतात, ना मासे, ना हिरव्या कडा, आणि छेदाचे पैसे वाया जातात.